बदल जतन करायचे का?

नऱ्ह्याच्या पतसंस्थेत जिन्याखाली एक खोली,
तिला सगळे सर्व्हर रूम म्हणतात.
आत एक काळा डबा, एक टेबलफॅन
आणि न वाटलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा.

आधी मी त्या डब्यातच वर्ड बसवलं होतं,
माणूस बसवावा तसं.
रात्री दोनला ते उघडायचं, नाव भरायचं, मिटायचं.
पडदा नाही, खुर्ची नाही.
ठेवीदारांना नऊशे पत्रं, उजाडेपर्यंत.

मसुदा ओहाळकाकांचा.
‘आपणांस कळविणेत येते की’.
मी म्हटलं, काका, ‘कळविण्यात’ करू?
म्हणाले, पोरी, ‘णेत’ला वजन असतं.
राहू दिलं.

मग एका रात्री, एकशे बाराव्या पत्रावर,
वर्डला शंका आली.
त्यानं एक लहानशी चौकट उघडली:
बदल जतन करायचे का?
हो. नाही. रद्द.
नसलेल्या पडद्यावर, नसलेल्या माणसाला विचारलं
आणि बसून राहिलं उत्तराची वाट बघत.
मागे सातशे अठ्ठ्याऐंशी ठेवीदार रांगेत.

कात्रजहून स्कूटीवर निघाले, पावणेचार.
नवले पुलापाशी एक ट्रकवाला
टॉर्च दातांत धरून टायर बदलत होता.
वॉचमननं शटर अर्धंच उचललं, वाकून आत गेले,
मॉनिटर जोडला.
‘हो’ दाबलं.
एवढंच.

तिसऱ्या खेपेला नवरा झोपेतच म्हणाला,
त्याला म्हणावं, स्वतःच ठरव की.

म्हणून वर्ड काढूनच टाकलं.
फाइल आतून पाहिली तर नुसतं गाठोडं:
कंसात कंस, कंसात कंस,
आणि तळाशी काकांचं ‘णेत’, सुखरूप.
गाठ सोडायची, नाव घालायचं, गाठ मारायची.
नऊशे पत्रं, चाळीस सेकंद.
कुणी कुणाला काही विचारत नाही.

मार्चात काउंटरवर एक बाई आली,
हातात आमचं पत्र:
‘कै. भागीरथी सोपान लांडगे यांचे वारस
यांस कळविणेत येते की’.
वारस आणि यांस यांच्यामध्ये
एक नाव मावेल एवढी जागा.
म्हणाली, नाव नाहीये, पण माझंच असेल.
आईला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी काकांना फोन लावला.
गुडघ्यांचं सांगून झाल्यावर म्हणाले,
असलं पत्र मी मशीनला लावायचोच नाही.
पेन्सिलीनं गोल करायचा
आणि चहा सांगायचा.
चहा येईस्तोवर कुणाला तरी आठवायचं
कुणाला विचारावं ते.

आता वारसाची जागा रिकामी असली
की काम थांबतं.
बिघाड नाही, मी थांबवलंय.
मॅनेजर ओरडतात, पुन्हा अडकलं तुमचं.

आज सतरा अडकलीत.
यादी छापून घेतली आहे.
पेन्सिल कुणाकडेच नाही, शिपाई खाली गेलाय आणायला,
त्यालाच चहाही सांगितलाय.