चादर ऑर्डर

अम्माच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री चालवायची,
वर बघायची नाही.
शाळेत पहिली आले, जिन्यावरून पडले,
पहिल्यांदा परकराला डाग लागला,
सगळं मी तिच्या भांगाला सांगितलंय.

दिवसाला हजार विड्या.
कारखान्यात चेकर मूठभर उचलून छाट फेकायचा,
ती एक शब्द बोलायची नाही.
घरी आली की माझी छाट निघायची.
वेणी सैल, भात चिकट,
आणि चाल बघ हिची, पाय ओढत,
थेट त्याची.

तो म्हणजे नायना.
शाळेच्या फॉर्मवर वडील, अंबादास मल्लय्या येमूल.
भद्रावती पेठेत माग चालवायचा,
माग भंगारात गेले तसा भिवंडीला गेला.
पुढच्या गड्ड्याला येतो म्हणाला.
कुठल्या, ते विचारायचं मला सुचलं नाही,
मी चौथीत होते, मला पाळण्यात बसायचं होतं.
एकवीस गड्डे झाले.

तुझ्या तोंडामुळंच गेला,
असं मी तिला बारावीत म्हणाले.
तिनं विडीचा दोरा दातानं तोडला.
"औनु," म्हणाली. हो.
त्यापुढं भांडायला तिनं काही ठेवलंच नाही.

नंबर मला एका लग्नात मिळाला,
भिवंडीच्या वऱ्हाडातल्या कुणाकडून, पत्रावळीच्या कडेवर लिहून.
मोबाईलमध्ये मी त्याचं नाव ठेवलंय चादर ऑर्डर.
रविवारी गच्चीत टाकीच्या आडोशाला उभी राहून बोलते.
तो विचारतो, ऊन कसंय तिकडं?
पाणी किती दिवसांआड येतं आता?
पाच, मी सांगते.
आमच्या वेळी तीन होतं, तो म्हणतो,
जसं काही बाकीचं सगळं तेच असावं.
तुझी अम्मा, हे दोन शब्द त्याच्या तोंडून येण्याची वाट बघते मी,
आणि आलेच तर फोन ठेवायचा, हेही ठरवून ठेवलंय.

गेल्या पाण्याच्या दिवशी
मी खाली बॅरलमध्ये पाइप धरून उभी,
फोन वर खिडकीत.
ओल्या पायांनी आले तर अम्मा म्हणाली,
"कोण चादरवाला होता. नको म्हणून सांगितलं."
पुन्हा कात्री.
रात्री बघितलं मी.
चार मिनिटं, बारा सेकंद.

चादर नको म्हणायला
किती वेळ लागतो?

मी मनात चार मिनिटं मोजून बघितली.
त्यात एक माणूस रडू शकतो.
वीस वर्षांच्या शिव्या बसू शकतात, भराभर दिल्या तर.
किंवा दोघं नुसतेच फोन धरून,
इकडं नळ, तिकडं माग,
आणि बिल त्याचं.

रविवारी विचारलंच मी. काय म्हणाली?
"कोण?" तो म्हणाला.
मागं खडखडाट.
मग म्हणाला, "ऊन फार असेल ना तिकडं."
मला पहिल्यांदाच त्याचा राग आला,
म्हणजे तिचा येतो तसा,
घरातल्या माणसाचा.

आज अम्माच्या फंडाचा फॉर्म भरतेय.
तिची बोटं आता वळत नाहीत, कार्ड बंद करायचंय.
पतीचे नाव, भरलं.
पुढं दोन चौकोन, हयात, मयत.
"अम्मा, काय लिहू?"
भांगात पांढरं, कुंकू मात्र रोजच्या जागी.
"तुला माहीत," ती म्हणाली.
वर बघितलं नाही.

पेन थांबलंय.
मला माहीत आहे हे तिला माहीत आहे,
आणि हे आम्ही दोघी
वीज बिलासारखं फळीवर ठेवून देणार, दिसतंय.

तेवढ्यात खाली नळातून वारा सुटला, सूं करून.
आज आपली पाळी नव्हती, मी म्हणाले.
"बदलली असेल," म्हणत ती गुडघ्यावर हात ठेवून उठली,
आणि तिच्या मागोमाग घागर घेऊन मी,
पाय ओढत.