झाल्यास

अमळनेरच्या कोर्टात मी लघुलेखिका.
साहेब बोलतात, मी टंकते.
एप्रिलात कूलरला पाणी नसतं,
वाळल्या गवताच्या जाळीतून नुसती धूळ येते,
आणि शिपाई बापू पुकारा असा ओढून करतो
जणू आरोपी बोरीच्या पलीकडे उभा आहे.

अर्जदार : उत्तम फकिरा साळुंखे, वय त्रेसष्ट,
निवृत्त लेखापरीक्षक.
आठ वर्षं ओळीने त्यांनी पतसंस्थेला 'अ' वर्ग दिला.
आठ वर्षं ओळीने दिवाळीला
त्यांच्या घरी एक पिशवी गेली, असं सरकारी वकील म्हणतात.
पिशवीत चिवडा होता, असं त्यांचे वकील म्हणतात.
मी दोन्ही टंकलं.
एकच फॉन्ट, ओळींत सारखंच अंतर.

कर्जाच्या यादीत चोपड्याकडची केळीची बाग होती
जिथे काटेरी बाभळी आहेत,
एक शीतगृह होतं, त्यात शेळ्या,
आणि एक माणूस, ज्याने दोनदा कर्ज उचललं.
दुसरं, स्वतःच्या दहाव्यानंतर.

साहेबांनी कारणं दिली. चांगली होती.
दप्तर जप्त झालंय, छातीत दोन स्टेंट आहेत,
हा माणूस पळून पळून जाणार कुठे, फार तर धरणगावला.
गुन्हा शाबीत होण्याआधीची कोठडी ही शिक्षा होऊ नये.
मला ते पटलं. आजही पटतं.
हे आधी सांगते, कारण चूक माझ्या बोटांची आहे.

मी टंकलं होतं : अर्जदारास अटक झाल्यावर.
साहेबांनी लाल पेनाने गोल केला.
'बाई, झाल्यावर नाही. झाल्यास.'

झाल्यावर म्हटलं की जीप निघालेली असते.
झाल्यास म्हटलं की जीप ठाण्याच्या आवारातच,
निंबाखाली, चारही टायर थंड,
ड्रायव्हर तंबाखू मळतोय.

नवं पान काढलं.
अटक झाल्यास पंचवीस हजारांच्या जातमुचलक्यावर
व तितक्याच रकमेच्या एका लायक जामीनदारावर मुक्त करावे.
सोमवारी, गुरुवारी, दहा ते बारा, ठाण्यात हजेरी.
साक्षीदारांशी संपर्क नको.

साक्षीदार क्रमांक एकेचाळीस, कौतिकबाई सुपडू बडगुजर,
व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली.
सव्वीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली.
तीन लाख दहा हजार.
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तिने पावती काढली,
म्हणाली, मांगे काय लिखेल शे, वाच ना माय.
मी वाचलं :
मुदत संपल्यास.
पावती गहाळ झाल्यास.
ठेवीदार मयत झाल्यास.
सगळ्या गोष्टींची सोय केली होती.
संस्था बुडाल्यास, एवढं मात्र
छापायचं राहिलं असावं, किंवा जागा पुरली नसावी.

आता ती सोमवारी ठाण्यात जाते.
साळुंखे सही करतात, रुमालाने मान पुसतात,
बारा वाजायची वाट बघत बाकावर बसतात.
ती समोर बसते. काहीच करत नाही.
हवालदाराने हटकलं तर म्हणाली,
'त्याले बोलानी बंदी शे. माले देखानी नही.'
हवालदार बडगुजरांचाच जावई निघाला.
त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.
साळुंख्यांसाठीही सांगितला, नियमात बसतो म्हणून.

ते चुकलेलं पान मी फाडलं नाही.
त्याच्या पाठीवर घरची यादी केली :
कळण्यासाठी ज्वारी, उडीद, खडं मीठ,
मुलाच्या वहीला खाकी कव्हर.
'झाल्यावर' आतल्या बाजूला घडी पडून आहे.

परवा कोर्टाच्या फाटकाशी कौतिकबाई भेटली.
तोंडाला पदर लावून हसली,
मग पदर काढला. वरच्या हिरडीवर एकही दात नव्हता.
'पैसा भेटनात ते,' म्हणाली,
आणि त्या 'ते'पाशी जरा थांबली,
डोक्यावरचं ओझं उतरवायला ओटा शोधावा तशी,
'पयले दात बसाडसू. मंग देखसूत बाकीनं.'