मधेच थांबवता येतं का

पगार झाला की पाच तारखेला
मी राजारामपुरीत जातो.
हो, जातो. आमच्याकडं बाईमाणूसही जातो, येतो, जेवतो.
पुण्याहून आलेली मेट्रन हसते. हसू दे.

रात्रपाळी उतरून साडेनऊला पोचलो
तेव्हा शटर अर्धंच वर होतं
आणि सर्फराज मुल्लाणी पायरीवर पाणी मारत होता.
"सिस्टर, नवीन माल आलाय."
काचेवर पाच डब्या मांडल्या त्यानं,
गुजरीत पाटल्या मांडतात तशा,
मखमल तेवढी नव्हती.

पहिली राजपुत्राची. शंभर तासांचा खेळ.
"ग्राफिक बघा, घोड्याचा घामसुद्धा दिसतोय."
मला रात्रीत मिळतो पाऊण तास,
तोही तुकड्या-तुकड्यांत.
म्हणजे गणपतीपासून शिमग्यापर्यंत
एकच राजपुत्र.
मी विचारलं, मधेच थांबवता येतं का?
"म्हणजे कसं?"
म्हणजे सात नंबरच्या आजोबांचं सलाइन संपलं,
बेल वाजली,
मी घोडा होता तिथंच सोडून उठलो,
वीस मिनिटांनी परत आलो,
तर घोडा तिथंच असतो का?
सर्फराजनं डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं.
"किल्ल्यापर्यंत जावं लागतंय.
किल्ल्यावरच सेव्ह होतंय."
मग नको.

दुसरी शेतीची.
भोपळे लावायचे, पाणी पाजायचं, तण उपटायचं.
मुरगूडला भावाला फोन लावला.
"पैसं देऊन भांगलायचं?" म्हणाला,
"इकडं ये, फुकट भांगल. वर जेवायला घालतो."
तरी ती डबी मी दोनदा उचलली.
त्या शेताला बांध होता
आणि बांधावरनं भांडण नव्हतं.

तिसरी फुटबॉलची.
मी मंगळवार पेठेत राहतो.
आमच्या गल्लीत फुटबॉल विकत घ्यावा लागत नाही,
खिडकीतनं आपोआप आत येतो.

चौथीत दवाखाना होता. खरंच.
रांगेत हसरे पेशंट, हातात रंगीत गोळ्या,
उशीर झाला की डोक्यावर लाल घड्याळ.
मी डबी पालथी ठेवली.
सर्फराज काही बोलला नाही,
पलीकडं हाक मारून चहा सांगितला.

पाचवी साडेचार हजारांची.
"सगळी हीच न्यायला लागल्यात."
सगळी नेतात ते मी सेल लागल्याशिवाय नेत नाही.
ही अक्कल साड्यांनी दिली, बरीच महाग पडली.

मग म्हटलं, खालचा खण उघड की.
तिथं जुनी कार्डं, नखाएवढी,
बिनडबीची, प्लास्टिकच्या पिशवीत.
माझं यंत्रही जुनंच, दोघांचं जमतं.
एकावर घड्याळ छापलेलं.
घड्याळजीचं दुकान, मोडकी घड्याळं,
स्क्रू, चाकं, स्प्रिंगा.
कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही.
"हे कोण घेत नाही सिस्टर."
सहाशेला ठरलं, चहा त्याच्याकडं.

घरी जाऊन झोपलोच नाही, कार्ड घातलं.
आत कुणीतरी आधीच होतं.
नाव: अधीक. एकसष्ट टक्के.
टेबलावर एक टेबल-घड्याळ उघडं पडलेलं,
एक चाक काढून बाजूला ठेवलेलं.
कुठं गेला असेल पोरगा, दहावी आली असेल,
की बापानं यंत्रच विकलं.
पुसू का, असं विचारत होतं यंत्र.
नाही म्हटलं.
हँडओव्हर न घेता मी दुसऱ्याची केस हातात घेत नाही.
खालच्या रिकाम्या जागेत
माझं दुकान उघडलं.

रात्री तीन दहाला बेल वाजली. सात नंबर.
झाकण मिटलं, गेलो,
बाटली बदलली, उशी सारखी केली.
"काय करत बसतायसा ओ तिथं उजेडात?"
घड्याळ, म्हटलं.
"मग किती वाजलं?"
अजून दुरुस्तीला आहे आजोबा, झोपा.

परत येऊन झाकण उघडलं.
स्क्रू अर्धा फिरून
तसाच थांबला होता.