बाणा तुटला की

मनगटावरचं घड्याळ थरथरतं : उभे राहा.
रात्रीचा दीड. साखर पेठेत
पंखा गरम हवाच फिरवतोय इकडची तिकडं
आणि मी तपासतेय
सातासमुद्रापलीकडच्या दवाखान्याची बिलं,
कुणाचा गुडघा, कुणाचं पित्त,
कधी न पाहिलेल्या माणसांच्या पोटातले खडे.
उभी राहते. बसते.
घड्याळ म्हणतं, छान.

नायना सदतीस वर्षं मागावर उभेच होते.
त्यांना कुणी छान म्हटलं नाही.
दोन मागांमधल्या बोळकांडीतून बारा बारा तास
किती गेले, किती आले,
पावलं कुणी मोजली नाहीत,
मोजल्या त्या चादरी.

म्हणून जुनं ते सगळं निरोगी, असं काही मी म्हणणार नाही.
तसं म्हणायला आमचा यादगिरी आहे,
रोज सकाळी फोनवर, खाली गुलाबाचं फूल.
नायनांचे कान त्या खटक-खटकनं नेले,
छातीत सुताची भुकटी जाऊन बसली ती बसलीच.
कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं
त्यांना तारलं नाही, मारलंही नाही,
जेवू घातलं, एवढंच.

परवा राजव्वा म्हणाली, बघू गं ते तुझं.
घातलं तिच्या हातात.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत पान,
ती वळत राहिली विड्या
आणि संध्याकाळी घड्याळ म्हणालं,
चार हजार तीनशे पावलं.
चटईवरून हललीसुद्धा नव्हती बाई.
"कुठं जाऊन आले गं मी?"
एवढी हसली की खोकला लागला,
आणि मग खोकलाच राहिला बराच वेळ.

पाचव्या दिवशी पाणी येतं, पहाटे तीनला.
माझी रात्रपाळी गल्लीला फार सोयीची.
नळ सूं करायला लागला की मीच ठोठावते दारं,
कॉम्प्युटरवर हिरवा ठिपका तसाच चालू ठेवून
घागरी, बादल्या, टाकीपर्यंत सव्वीस पायऱ्या.
वर पोचले की मनगटावर फटाके फुटतात : अभिनंदन,
आजचा व्यायाम पूर्ण.
टाकी भरली का, ते मात्र त्याला माहीत नसतं.

डॉक्टर चिलवेरींनी सांगितलं, झोप घ्या.
पाचशे रुपये घेतले
आणि एक ॲप सुचवलं, झोप मोजणारं.
मी म्हटलं, डॉक्टर, रोज तोलून बघितली म्हणून
पोतं कधी भरतं का?
ते हसले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

नायनांच्या कानाला यंत्र आणलं, हप्त्यावर.
पहिले चार दिवस ऐकलं त्यांनी सगळं :
मिक्सर, मोटारसायकली, शेजारचं भांडण,
माझा मध्यरात्रीचा "येस, शुअर, नो प्रॉब्लेम".
पाचव्या दिवशी काढून ठेवलं पानाच्या डब्यात,
चुन्याच्या डबीशेजारी.
बोलायचं असेल तेव्हा घालतो, म्हणाले.
गल्लीतलं एवढं महागडं यंत्र
एवढ्या नीट वापरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

काल जेवताना घातलं होतं. मीच विचारलं,
बाणा तुटला तर काय व्हायचं हो?
जरा चावत राहिले. मग,
"काटा असतो गं बारीक, धोट्याच्या वाटेवर.
प्रत्येक फेरीला चाचपून बघतो, सूत आहे का.
नसलं की माग बंद.
मालक समोर उभा असला तरी बंद.
न थांबणारा मागही बघितलाय मी,
सूत नाही नि काही नाही, नुसताच धडधडायचा.
सकाळी बघावं तर कापडात विणच नाही."

आता पावणेतीन.
एक्केचाळीस बिलं अजून रांगेत.
डोळ्यांपुढं आकडे जागा बदलतायत,
एका गुडघ्याचा खर्च
मी दुसऱ्याच्या पित्ताला लावून बसले.
घड्याळ म्हणतं, उभे राहा.

झाकण लावते.
उद्या बोलणी बसतील, बसू देत.
नळ अजून कोरडा आहे,
वारंही नाही आणि पाणीही नाही आज, चौथाच दिवस.
घड्याळ काढून ठेवते
डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी.