डावा हात

एदेल्मिराबाई तिन्हीसांजेला आल्या
कांबळ्यात काहीतरी गुंडाळून.
मला वाटलं, कोकरू.
उघडलं तर हात. खांद्यापासून सुटलेला.
"चामडं गेलंय," म्हणाल्या, "शुक्रवारला चारच दिवस."

आमच्या बेटावर पाद्री वर्षातून दोनदा येतो, बोटीनं,
तेही समुद्राच्या मनात असेल तर.
एरवी प्रार्थना त्याच सांगतात,
तान्ह्यांच्या माथ्यावर पाणी त्याच ओततात,
आणि चर्चला कोण फिरकत नाही, हेही त्यांनाच पाठ.
माझ्याकडे आल्या, कारण चिलोएच्या या टोकाला
आरी चालवणारा दुसरा कुणी उरला नाही.
कारण एवढंच. मी विचारून घेतलं.

आमचा ख्रिस्त लाकडी, खांद्यात चामड्याचे सांधे.
गुड फ्रायडेला खिळे काढले
की हात खाली येतात, दमलेल्या माणसाचे येतात तसे,
आणि त्याला चादरीत निजवता येतं.
माझ्या आजोबांच्याही आधीपासून चढतोय, उतरतोय.
चामड्यानं तरी किती सोसायचं.

चुलीपाशी बसलो, हात मांडीवर घेऊन.
तळव्याचा रंग उडालेला,
करंगळी कुणीतरी कधीकाळी सरसानं चिकटवलेली, वाकडी,
आत किडीनं पाडलेल्या बारीक वाटा.
"जरा इकडे वळा," मी म्हटलं,
गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.
सात वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सात वर्षांपूर्वी मी नोल्बेर्तोची नाव विकली.
माझा सख्खा भाऊ. समुद्रापलीकडे इस्पितळात होता,
फुप्फुसातलं पाणी काढायला.
आलेले पैसे एका हिवाळ्यात
सफरचंदाच्या दारूवर गेले.
तो परतला, किनाऱ्यावर उभा राहिला
नाव बांधायच्या खुंट्याकडे बघत.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

वडिलांचा पट्टा कापला सांध्यासाठी.
आम्हा दोघांच्या पाठी त्याला ओळखतात.
चामडं मात्र अस्सल.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला चर्चमध्ये शिडी लावली
तेव्हा कळलं:
डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं लांब आहे.
जन्मभर समोर गुडघे टेकले, दिसलं नव्हतं.
कोरणाऱ्याचा उजेड गेला असेल,
लाकूड वाया घालवायचं जिवावर आलं असेल,
किंवा तोही पीत असेल.
करवत माझ्या पिशवीत होती.
शिडीवर बराच वेळ उभा राहिलो.
मग वाटलं, सांधायला सांगितलंय,
सुधारायला नाही.

मला प्रार्थना येत नाही.
एदेल्मिराबाईंची कशी, सूत तुटत नाही.
माझी "आमच्या बापा"पाशीच अडकते,
कारण लगेच पट्टा आठवतो.
म्हणून मी टाके मोजले, मोठ्यानं.
एक. दोन. हा हुकला, उसवतो, थांब.
"थांब" म्हटलं, एकेरीत, त्याला.
तो थांबला. अर्थात, लाकूडच ते.
तरी मान वर करून बघितलं मी.

शुक्रवारी खिळे निघाले.
उजवा हात अलगद उतरला.
डावा कुरकुरला, रेंगाळला, मग आला,
आणि दोन बोटं चादरीबाहेर राहिला.
चादरीचं ते टोक नोल्बेर्तोकडे होतं.
त्यानं हात उचलून आत घेतला,
मग खांद्याशी वाकून
अंगठ्यानं शिवण चाचपली.
"टाके दाट घातलेत," म्हणाला.

कुणाला म्हणाला, माहीत नाही.
माझ्याकडे बघितलं नव्हतं.
मेणबत्त्या विझवत होते, बायका गुणगुणत होत्या,
आणि मी चादरीचं माझं टोक
दोन्ही मुठींत धरून उभा.
सांध्याला तेल लागणार. पुढच्या वर्षी
आधीच आणून द्या म्हणावं.