सुपात

आधीचे तिघं राहिले नाहीत,
म्हणून आईनं मला पहिल्याच दिवशी सुपात घातलं,
उंबऱ्याबाहेर ठेवलं, म्हणाली, हाऊ मना नही,
आणि पसाभर दादर देऊन
सटवीच्या देखत दगुमावशीकडून परत विकत घेतलं.
तेव्हापासून मी सुपडू.
सुपातले हसतात म्हणतात.
मी नुसताच टकमक बघत होतो म्हणे.

आता गोमाईकाठी, शहाद्याच्या खाली,
मत्स्यबीज केंद्रात बावीस वर्षं.
रोहूच्या मादीचं पोट अंगठ्यानं चाचपून
दिवस सांगतो मी.
आषाढात रात्री साडेआठला सुई,
शेपटीच्या बुडाशी, एक खवला उचलून;
पहाटे तीनला टाकीत पाणी उसळतं
आणि अंडी फुगत जातात
भिजवलेल्या साबुदाण्यासारखी,
फक्त आत काहीतरी वळवळतं.

यंदा पोटं हाताला सैल लागली.
सुई दिली. मग दुसरी.
घागरीच्या जागी मूठभर आली.
नरांचं दूध पाणचट,
बोटालाही चिकटेना.
सकाळी हापा उचलला, तर
साबुदाणा.
नुसता साबुदाणा.

धुळ्याहून नयना वाडिले आली,
आमच्याच भोईवाड्याची नात, पण बोलणं पुस्तकी.
तिनं भिंगाखाली एक दाणा ठेवला, मला बोलावलं.
शेपूट विळ्यासारखं वाकलेलं,
काळजाशी पाण्याचा फोड.
ठोका. ठोका.
मग मी माझ्याच श्वासाची वाट पाहत राहिलो.

ती म्हणाली, बंधाऱ्यावरची ती हिरवी साय बघितलीत?
ते शेवाळ कुजताना विष सोडतं.
मासा मरत नाही, सुपडूकाका. दिसतो तसाच, खातो तसाच.
विष काळजाखाली यकृतात जाऊन बसतं,
आणि अंड्याचा बलक यकृतच तर बनवतं.
बावीस वर्षं पोट दाबतोय,
मला हे ठाऊक नव्हतं.

साय कशानं आली, ते तिनं सांगितलं नाही.
वरच्या अंगाला माझ्या भाच्याची पपई आहे,
खताच्या रिकाम्या गोण्या
मीच धुऊन आणतो घरी, दारात पाय पुसायला.

संध्याकाळी हाप्याच्या कोपऱ्यात
काचेसारखे काही दाणे दिसले.
वाटीनं उचलले, बोअरच्या पाण्यात सोडले.
आईचं सूप अजून माळ्यावर आहे,
पण सूप पाणी धरत नाही.
आणि विकायचे तर कोणाला?
पसाभर काय मागायचं,
ज्याला देखवायचं, तो सटवी नाही,
आम्हीच ओतलेलं आहे.

रजिस्टरात उत्पादनाच्या रकान्यात मी लिहिलं: अकरा.
साहेबांनी चष्मा वर केला.
अकरा लाख?
नाही साहेब.
अकरा.