खिडकीला धरलेली फिल्म

व्ह्यूबॉक्सची ट्यूब दिवाळीपासून गेलेली,
म्हणून फिल्म खिडकीला धरली.
पंचफुला आत्राम, वय सेहेचाळीस.
आश्रमशाळेत दोनशे पोरांचा भात रांधते.

काळं म्हणजे हवा. तेवढी उरलीय
वरच्या कोपऱ्यांत,
फुंकणीतून एकदा राख उडेल इतकी.
खाली दोन्हीकडे पांढरं.
आणि फिल्मचं पांढरं तर आरपार असतं.
जिथे तिचा श्वास पोचत नाही
नेमकं तिथूनच मला आवार दिसतं,
उभी रुग्णवाहिका,
चाकाशी बसून खर्रा घोटणारा ड्रायव्हर.

"मले काई झालं नाई जी. मी जातो घरी."
बोटावरचा चिमटा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर.

फिल्मच्या पाकिटावर गणित मांडतो.
गडचिरोली अडीच तास. सिलिंडर दोन.
मशीनवर मिनिटाला पन्नास लिटर लागतात,
तसंच नेलं तर आष्टीच्या अलीकडेच
दोन्ही रिकामे.
नळी घालून नेलं, तर वाटभर फुगा दाबायला
बेबीनंदा सिस्टरचे हात,
आणि इथल्या पाच खाटांना मग कोण?
खोडतो. पुन्हा तेच आकडे लिहितो.

"बाई, पालथं झोपा."
मास्कच्या आतून हसते:
"पालथं तं लेकरू झोपते."
पण वळते. उशी छातीखाली सरकवतो.
चौऱ्याऐंशी.
बराच वेळ चौऱ्याऐंशी.
सत्त्याऐंशी.

उजेड गेला. फिल्ममध्ये आता
काळं काय नि पांढरं काय.
ड्रायव्हर दारात: निघाचं का साहेब?
मी म्हणतो, नाही.
मग तो वळल्यावर,
चावी खिशातच ठेव.